नावापुढचं टिंब

माझ्या वहिनीला छापखान्यात कुणी नावाने हाक मारत नाही. तिला टिंबबाई म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावरच म्हणतात, आणि ती खुशाल ओ देते. मी तिची नणंद, त्याच छापखान्यात बाइंडिंगला. मला ठिणगी म्हणतात. का म्हणतात ते पुढे कळेलच, वेगळं सांगत बसत नाही.

टिंबबाई हे नाव पडलं एका दवाखान्याच्या पत्रकामुळे. कागद मशीनवर चढला होता, शाई भरली होती, फोरमनचा हात बटणावर होता. तेवढ्यात वहिनी प्रूफ हातात घेऊन तरातरा आली आणि म्हणाली, “थांबवा.” पत्रकावर छापायचं होतं, ‘रुग्णांची चिंता आमच्यावर सोडा.’ त्यातलं ‘चिं’वरचं टिंब कुठेतरी गळून पडलं होतं. म्हणजे दवाखाना गावभर सांगणार होता, की रुग्णांची चिता आमच्यावर सोडा. फोरमन हसता हसता खालीच बसला. दवाखान्याचे डॉक्टर हसले नाहीत, पण पुढची सगळी छपाई त्यांनी आमच्याकडेच दिली. त्या दिवसापासून वहिनी टिंबबाई झाली.

तेव्हा मी बाइंडिंगला नव्हते, वहिनीबरोबर प्रूफखोलीत बसायचे. खोली कसली, मशीन हॉल आणि कागदाचं गोदाम यांच्या मधला एक चिंचोळा तुकडा. एक लांब टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, वर एक दिवा आणि मशीन चालू झाली की थरथरणारी खिडकीची काच. मी मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचे आणि वहिनी छापलेल्या प्रुफावर लाल पेन फिरवायची. वाचायचं म्हणजे नुसतं वाचायचं नाही. स्वल्प, पूर्ण, टिंब, ऱ्हस्व, दीर्घ, कंस उघडा, कंस बंद, सगळं तोंडाने बोलायचं. घरी गेल्यावरही माझी जीभ थांबायची नाही. एकदा मी दादाला म्हणाले, “चहा झालाय स्वल्प घ्यायला ये पूर्ण.” दादा म्हणजे माझा भाऊ, वहिनीचा नवरा. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, आणि त्याला आम्हा दोघींचं काहीच विचित्र वाटत नाही, इतकी वर्षं तो आमच्यात काढतोय.

प्रूफखोलीचे दोन नियम होते आणि वहिनी ते कडक पाळायची. पहिला, वाचणारीने हातातल्या प्रतीत जे छापलंय तेच वाचायचं. कुणी पेनाने काय खुणा केल्यात, आपल्याला काय बरोबर वाटतं, त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. दुसरा, आपल्या हातचं आपण तपासायचं नाही. वहिनीने लिहिलेलं पत्रसुद्धा माझ्या हातात दिल्याशिवाय पाकिटात जायचं नाही. मी म्हणायचे, अगं, दोन ओळींचं तर पत्र आहे. ती म्हणायची, “दोन ओळींतच माणूस गाफील राहतो.”

पुढे काळ पालटला. लेखक घरूनच तयार फायली पाठवायला लागले. कच्ची प्रत, पक्की प्रत, मूळ प्रत, सगळं एकाच पडद्यात गेलं. वाचायला कुणी नको झालं, म्हणून मला बाइंडिंगला पाठवलं. मी तिथे चांगली रुळले, पुस्तकाचा कणा माझ्यासारखा कुणी बसवत नाही, हे मी स्वतःच सांगते. पण प्रूफखोलीतली माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पाहिली, की मला ते बघवायचं नाही. मी ते कुणाला दाखवलं नाही. त्याऐवजी पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या डब्यावर राग काढायचे.

मग एक दिवस मालकांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. मालक भला माणूस आहे, पण भला माणूस वाईट बातमी सांगायला लागला की फार वेळ घेतो. त्यांनी आधी हवेबद्दल विचारलं, मग दादाच्या गुडघ्याबद्दल, मग म्हणाले, की प्रूफखोलीत कटिंग मशीन बसवायचा विचार आहे. दुसरी गोष्ट, आपली वेबसाइट आणि ईमेल ज्या कंपनीकडे होती ती हा धंदाच बंद करतेय, तेव्हा ते काम बाहेरच्या दुसऱ्या एका कंपनीला द्यायचंय. आणि तिसरी गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही, नुसते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. ती वहिनीला न सांगता कळली. खोली गेली की खोलीतली बाईही गेली.

वहिनी रडली नाही, चिडली नाही. मी असते तर केबिनची काच राहिली नसती. वहिनी म्हणाली, “ईमेल आणि वेबसाइट बाहेर कशाला देता? मी करते.”

मालकांना वाटलं चेष्टा करतेय. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, “बाई, ते सर्व्हरचं काम आहे. त्यात प्रूफ नसतं.”

“शिकेन,” वहिनी म्हणाली. “मी प्रूफसुद्धा शिकूनच आले होते.”

शेवटी ठरलं ते असं. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत छापखान्याचा स्वतःचा सर्व्हर उभा राहिला आणि मेल सुरळीत चालू झाली, तर खोलीही राहील आणि वहिनीही. नाही झालं तर काम बाहेरच्या कंपनीला आणि वहिनी मानाने निवृत्त. ते ‘मानाने’ ऐकून वहिनीचा चेहरा जो झाला, तो मी घरी पाहिला. घरी बसायचं या कल्पनेनेच तिचा जीव घाबरा होतो. दादा म्हणाला, “हिला घरी बसवू नका रे. ही माझ्या घोरण्यातसुद्धा स्वल्पविराम कुठे हवा ते सांगेल.” वहिनी हसली, पण जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं.

सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक क्लास होता, तिथे ती जायला लागली. वर्गात सगळी तिची मुलं शोभतील अशा वयाची. सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, कुणाचे पालक आलात? ती म्हणाली, “मी माझीच पालक.” आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. सरांनी सगळ्यांना एक पुस्तिका दिली, कुणीतरी मराठीत उतरवलेली. वहिनीने ती घरी आणली आणि अभ्यास सुरू करायच्या आधी काय केलं असेल? लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तिका तपासून टाकली. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, गळलेली टिंबं, नको तिथे पडलेली टिंबं. पान न् पान रक्तबंबाळ. मी म्हटलं, “वहिनी, हे शिकायचं आहे, छापायचं नाहीये.” ती म्हणाली, “चुकीच्या पुस्तकातून मी शिकू कशी?” दुसऱ्या दिवशी तिने सरांना ती पुस्तिका दाखवली. सर मोकळ्या मनाचे होते, त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, पुढच्या आवृत्तीला तुमच्याकडेच येतो.

शिकायला ती हुशार निघाली यात मला नवल वाटलं नाही. सर्व्हरला जे सांगायचं ते अक्षर न् अक्षर बरोबर सांगावं लागतं, एक जागा सुटली की तो अडून बसतो. तरुण पोरं वैतागायची, तिला ते ओळखीचं वाटायचं. घरी स्वयंपाक करता करता ती मला समजावून सांगायची. सर्व्हर म्हणजे सदा जागा असलेला यंत्रातला कारकून. कुणी आपली वेबसाइट बघायला आलं की तो पान काढून दाखवतो, कुणाची मेल आली की ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकतो. आणि छापखान्याच्या नावाची एक पत्त्यांची फाईल असते, ती जगाला सांगते की वेबसाइट या दारात आहे आणि मेल त्या दारात द्या. “म्हणजे दारावरची पाटी,” मी म्हटलं. “हं,” ती म्हणाली, “पण पाटी चुकली तर घर असून नसल्यासारखं.” तेव्हा मी नुसती मान डोलावली आणि कणीक मळत राहिले.

प्रूफखोलीच्या कोपऱ्यात तिने सर्व्हर मांडला. मालकांनी गोदामातला एक दणकट कॉम्प्युटर दिला होता, त्याचा पंखा दिवसभर घूं घूं करायचा. आधी वेबसाइट उभी राहिली. साधीच, छापखान्याचा फोटो, कामांची यादी, पत्ता, पण एका अक्षराची चूक नाही. मग मेल. सगळ्यांना नवे पासवर्ड दिले. फोरमनला स्वतःचं नावच पासवर्ड म्हणून हवं होतं. वहिनी म्हणाली, “तुमचं नाव मशीनलासुद्धा पाठ आहे, चोराला नसेल का?” त्याने नाइलाजाने अवघड पासवर्ड घेतला आणि विसरू नये म्हणून खडूने मशीनवर लिहून ठेवला. वहिनीने तो ओल्या फडक्याने पुसला आणि त्याला दुसरा दिला. असं बऱ्याचदा झालं. शेवटी फोरमनने हात टेकले आणि पासवर्ड पाठ केला. आता काम करताना तो पासवर्ड पुटपुटत असतो, सुदैवाने मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही.

रोज संध्याकाळी निघायच्या आधी ती सगळ्या मेलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मालकांच्या कपाटात ठेवायची. बाहेरचं कुणी आत घुसायला बघतंय का ते रोज सकाळी बघायची. मला एकदा दाखवलं. पडद्यावर सरासर ओळी चालल्या होत्या, कुठलं तरी यंत्र आमच्या दाराची कडी वाजवून बघत होतं. माझं धाबं दणाणलं. वहिनी निवांत. म्हणाली, “वाजवू दे. कडी आतून आहे.” मला खरंच तिचा अभिमान वाटला, आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, चल, कामाला लाग.

शेवटची गोष्ट राहिली होती ती पाटी बदलायची. पत्त्यांच्या फायलीत मेलची नवी ओळ घालायची, म्हणजे मेल जुन्या कंपनीकडे न जाता आपल्या सर्व्हरकडे येईल. सोमवारी सकाळी तिने ती ओळ घातली. पुस्तिका शेजारी उघडी होती, नमुन्याच्या ओळीवर बोट ठेवून तिने टाइप केलं. मग मालकांनी फोरमनला मेल पाठवली, ती पोचली. फोरमनने मला पाठवली, माझ्या आयुष्यातली छापखान्याच्या पत्त्यावरची पहिली मेल, तिच्यात लिहिलं होतं, ‘खळ कमी वापरा.’ मी त्याला जे उत्तर पाठवलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण तेही पोचलं. मालकांनी बाहेर दोन लेखकांना मेल टाकली, त्यांनी फोन करून सांगितलं, मिळाली. मालकांनी सगळ्यांना चहा दिला. प्रूफखोलीतली माझी रिकामी खुर्ची वहिनीने स्वतः सरळ केली आणि म्हणाली, “बस गं जरा.” मी बसले. बरं वाटलं.

मग सगळं शांत झालं. मंगळवारी शांत, बुधवारी शांत. मालक म्हणाले, काय छान आहे, नको त्या मेल येतच नाहीत. वहिनी मात्र अस्वस्थ. तिला शांत प्रूफ कधीच आवडायचं नाही, ज्या पानावर चूक सापडत नाही ते ती पुन्हा वाचायची. आणि गुरुवारी शाळेच्या पुस्तकांच्या एका लेखिकेचा फोन आला. चांगल्याच तापल्या होत्या. “मी तीन धडे पाठवले, तिन्ही परत आले. तुम्ही छापखाना बंद केलात का?”

तेव्हा कळलं. आतली मेल आत फिरत होती, आतली बाहेरही जात होती, पण बाहेरची एकही आत येत नव्हती. आपण सगळे एकमेकांना मेल पाठवून खूश, आणि बाहेर जगाला वाटतंय की छापखान्याला टाळं लागलं. हंगाम तोंडावर आलेला. मालकांनी काही बोल लावला नाही, नुसतं म्हणाले, “उद्या सकाळी त्या कंपनीच्या माणसाला बोलावतो. बघू.” ते ‘बघू’ आम्हा दोघींना नीट कळलं. उद्या तो माणूस येणार, काम त्याच्याकडे जाणार, आणि वहिनी घरी जाणार.

मी चिडले. कुणावर ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून जुन्या कंपनीवर चिडले. म्हटलं, त्यांनीच काहीतरी अडवून धरलं असणार, दे मला फोन नंबर. वहिनी म्हणाली, “ठिणगे, खाली बस. तुझ्या मोबाइलवरून मला एक मेल टाक.” माझ्या मोबाइलवर माझा स्वतःचा वेगळा पत्ता आहे. टाकली. पापणी लवायच्या आत परत आली. इंग्रजीत काहीबाही लिहिलं होतं. वहिनीने चष्मा लावला आणि वाचलं, आणि एका जागी थांबली. “हे बघ. नाव दोनदा आलंय.”

खरंच. आमच्या मेलच्या दाराचं जे नाव, त्याच्यापुढे छापखान्याचं नाव एकदा होतं आणि लगेच पुन्हा एकदा. असं दार जगात कुठेच नव्हतं, म्हणून मेल आल्या पावली परत. प्रुफात एकच शब्द चुकून दोनदा पडतो ना, तसंच. वहिनीने ताबडतोब फाईल उघडली, दुसरं नाव शोधून उडवायला. पण फायलीत नाव एकदाच. तिने वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. एकदाच. पुस्तिकेतला नमुना पुन्हा पाहिला, शब्द न् शब्द जुळत होता. क्लासच्या सरांना फोन लावला, तर ते दुसऱ्या गावी कुणाच्या तरी सर्व्हरच्या खोलीत होते, तिथे आवाज पोचत नव्हता. संध्याकाळी आम्ही तशाच घरी आलो. मला भीती वाटली, सरळ सांगते. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचे हात पोळी लाटताना थांबलेले मी कधी पाहिले नव्हते.

दादा म्हणाला, “लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की मी आधी आत कोण आहे ते विचारतो.” त्याचा अर्थ त्यालाच माहीत. पण वहिनीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “उद्या जरा लवकर निघू. तू माझ्याबरोबर ये.”

शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा छापखान्याचं दार नुकतंच उघडलं होतं, मशीन अजून थंड होती. तिने माझी खुर्ची टेबलाकडे ओढली, पुस्तिका माझ्या हातात दिली, आपण पडद्यासमोर बसली. म्हणाली, “वाच. नमुन्याची ओळ. एकेक अक्षर. मी हे सगळं माझं मीच तपासत बसले होते इतके दिवस. अक्कल गहाण टाकली होती मी.”

मी वाचायला लागले. नमुन्यात कुठल्यातरी ‘उदाहरण’ नावाच्या कंपनीचा पत्ता होता. सगळं इंग्रजी अक्षरांत, तेव्हा मी जुन्या सवयीने एकेक अक्षर सुटं करत चालले. कंपनीच्या नावाच्या जागी आपल्या छापखान्याचं नाव धरून वहिनी प्रत्येक ठिकाणी “आहे” म्हणत होती. नावाचा पहिला भाग झाला. “टिंब,” मी म्हटलं. “आहे.” दुसरा भाग झाला. “टिंब.” “आहे.” शेवटचा भाग, “सी, ओ, एम.” “आहे, आहे, आहे.”

“टिंब,” मी म्हटलं.

वहिनीचं “आहे” आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, “टिंब.”

“कुठलं टिंब? नाव संपलं तिथे.”

“नाव संपल्यावर एक टिंब आहे.”

“ते गाळ,” ती म्हणाली. “ते मी काढलंय. नावापुढे कुणी टिंब देतं का? ते काय वाक्य आहे?”

मी पुस्तिकेकडे पाहिलं. खरंच, त्या टिंबावर तिची लाल खूण होती. गाळायची खूण, छान वेलांटी काढलेली. समासात तिने लिहिलंही होतं, ‘अनावश्यक’. पण मी वाचणारी. मला लाल शाईशी देणंघेणं नाही. मी म्हटलं, “वहिनी, नियम तुझाच आहे. छापलेलं वाचायचं. छापलेलं आहे टिंब.”

तिने चष्मा काढला. पुस्तिका माझ्या हातून घेतली, दोन पानं मागे गेली, आणि एक बारीक टीप मोठ्याने वाचली. नाव पूर्ण झालं हे सांगायला शेवटी टिंब द्यावं, नाहीतर सर्व्हर नाव अर्धवट समजतो. ही टीप तिने पूर्वी वाचली होती. तिच्यातली जोडाक्षरंही सुधारली होती. अर्थ तेवढा डोक्यात शिरला नव्हता. मला तिने नंतर घरच्या भाषेत सांगितलं. नुसतं नाव लिहिलं की शाळेतले मास्तर बापाचं आडनाव आपणहून जोडतात ना, तसा हा सर्व्हर. आपण नाव, आडनाव सगळं लिहून दिलं, पण टिंब नाही दिलं, म्हणून त्याला वाटलं आडनाव राहिलंय, त्याने पुन्हा जोडलं. घोडं तिथे पेंड खात होतं.

वहिनीने पानं उलटून आपली लाल खूण पुन्हा पाहिली. मग म्हणाली, “आयुष्यभर लोकांची गळलेली टिंबं भरली मी. आणि हे एक होतं, ते स्वतःच्या हाताने काढलं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. तिने कळ दाबली. टिंब बसलं. सर्व्हरला फाईल पुन्हा वाचायला लावली आणि मला म्हणाली, थोडं थांब, बातमी पसरायला वेळ लागतो. आम्ही थांबलो. फोरमन आला, त्याने मशीन सुरू केली, खिडकीची काच थरथरायला लागली. मी मोबाइलवरून मेल टाकली. परत आली. पुन्हा थांबलो. पुन्हा टाकली. ती परत आली नाही. ती वहिनीच्या पडद्यावर आली. मी लिहिलं होतं, ‘टिंबबाई आहेत का?’ माझा जीव भांड्यात पडला.

मालकांच्या केबिनमध्ये कंपनीचा माणूस येऊन बसलाच होता. नीटनेटका, नम्र, हातात एक फाईल. मी दाराशी उभी राहिले, मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुणी हटकतही नाही. वहिनीने सांगितलं, मेल आता येतेय. मालकांनी त्या लेखिकेला फोन लावला, त्यांनी पहिला धडा पाठवला, आणि तो मालकांच्या पडद्यावर उमटला. मालकांचा चेहरा उजळला. म्हणाले, “जुन्या कंपनीनेच घोळ घातला होता ना? मला वाटलंच.” तो माणूसही समजूतदारपणे म्हणाला, “होतं असं कधी कधी. बदल पोचायला वेळ लागतो.”

झालं, सुटलो, मला वाटलं. वहिनीने नुसती मान हलवायची होती. कुणाला काही कळलं नसतं. मी मनात म्हणत होते, हलव गं, हलव एकदा मान.

“नाही,” वहिनी म्हणाली. “चूक माझी. एक टिंब हवं होतं, ते मी काढून टाकलं.”

मालक तिच्याकडे बघत राहिले. “तुम्ही टिंब काढलं?”

“मी.”

मालक म्हणाले, “मग बाई, उद्या पुन्हा असं झालं तर? हंगामात मला हे परवडायचं नाही. तुमच्याकडे काम ठेवू कशाच्या भरवशावर?”

“माझ्या एकटीच्या भरवशावर ठेवूच नका,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज प्रूफखोलीतला होता, थांबवा म्हणणारा. “मी नियम मोडला म्हणून हे झालं. माझ्या हातचं मीच तपासलं. ठिणगी वाचायला बसली आणि लगेच सापडलं. काम माझ्याकडे ठेवायचं असेल, तर सर्व्हरमध्ये काहीही बदलताना वाचायला ती लागेल. तिच्याशिवाय मी एक अक्षर बदलणार नाही. हे मान्य नसेल तर काम यांना द्या, मी घरी जाते. तक्रार करणार नाही.”

मालकांनी त्या माणसाला विचारलं, “तुमच्याकडे दुसरं कुणी तपासतं का?” त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “आमच्याकडे जो करतो, तोच तपासतो.” मग फाईल बंद करत आपणहून म्हणाला, “दोघं असली तर चांगलंच.” मालकांनी पेपरवेट उचलला, फिरवला नाही, कागदांवर ठेवून दिला. म्हणाले, “टिंबबाई, चूक तुमची होती हे मला जन्मात कळलं नसतं.”

“म्हणून तर सांगितलं.”

“कटिंग मशीन गोदामात बसवू,” मालक म्हणाले. मग दाराकडे न बघताच म्हणाले, “आणि ठिणगी, बाइंडिंगचं काम सांभाळून बसायचं. खळ कमी वापरा.”

मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले नाही. बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं. मी प्रूफखोलीत जाऊन माझ्या खुर्चीत बसले आणि मग निवांत रडले. वहिनीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, पुस्तिकेवर नको, कागद भिजेल.

आता आमचा सर्व्हर चांगला दणक्यात चालतोय. शेजारच्या दोन दुकानांची मेलही वहिनी बघते. सरांच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती आमच्याकडेच छापली, प्रूफ वहिनीने तपासलं, बाइंडिंग मी केलं, आणि त्या टिंबाच्या टिपेला सरांनी ठळक चौकट घातली. बाकी आमचं काम जुनंच आहे. काही बदलायचं असलं की ती हाक मारते, मी हात पुसत येते, खुर्ची ओढते आणि वाचायला लागते. नाव संपतं. फोरमन पलीकडून पासवर्ड पुटपुटत असतो, काच थरथरत असते. मी जरा जास्तच मोठ्याने म्हणते, “टिंब.”

“आहे,” वहिनी म्हणते.